आईच्या तपासणीच्या रिपोर्टविषयी

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आईच्या फुंकण्याच्या तपासणीचा रिपोर्ट घेऊन मी काल डॉक्टरांना भेटले. आई, तुझा दमा लहानपणापासूनचा. परंतु या वेळी पंप दिल्यानंतरही पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा एकूण सोडलेल्या हवेच्या ०.७० पटीहून कमीच भरली, त्यामुळे दम्याच्या जोडीला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजारही असल्याचे त्यांनी सांगितले. दम्यात आवळलेल्या श्वासनलिका औषधाने बऱ्याच मोकळ्या होतात, सीओपीडीत मात्र त्या पूर्ववत होत नाहीत.

"मी कधी विडीला हात लावला नाही, मग मला हे कसे?" असे तू विचारलेस. आपल्या स्वयंपाकघराचे आढे आठव. ओल्या लाकडांवर आणि गोवऱ्यांवर फुंकणी मारताना ज्या धुराने ते काळे झाले, तोच धूर इतकी वर्षे तुझ्या छातीत जात होता, आणि आम्ही भावंडे गरम भाकरीसाठी पाटावर वाट पाहत बसलेलो असायचो. हे आठवून मला काल रात्री झोप लागली नाही.

पंपाची सवय लागते असे कोणी म्हटले म्हणून तू रोजचा स्टेरॉइडचा पंप सोडलास आणि धाप लागली की नुसता निळा ओढतेस, याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. निळ्याने नळ्या तेवढ्यापुरत्या सैल होतात, आतली सूज तशीच राहते. दोन्ही आजार एकत्र असताना तर स्टेरॉइडचा पंप मुळीच सोडायचा नसतो. स्टेरॉइड म्हणून भिऊ नकोस, पंपातले औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, गोळीतले मिलिग्रॅममध्ये, म्हणजे हजारपट मोठ्या मापात. पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरून थुंकलीस, की तोंड येण्याची शक्यताही कमी होते.

बाबा, आईच्या काचबिंदूच्या थेंबांच्या बाटलीवर टिमोलॉल लिहिले आहे का, ते आजच पाहा. डोळ्यांत टाकलेले हे औषधही रक्तात उतरून दमा एकाएकी उसळवू शकते. तसे असल्यास लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करून दम्याचे सांगा आणि थेंब बदलून मागा. आपल्या मनाने मात्र बंद करू नका. अंघोळीच्या पाण्यासाठी बंबही आता पेटवू नका, गॅसवर तापवा.

मी शनिवारी येताना स्पेसर, म्हणजे औषध नीट छातीत जावे म्हणून पंपाला लावायची नळी, आणते. तोवर आईने रोजचा पंप सकाळ-संध्याकाळ घेतला, एवढे मला रोज फोनवर कळवा.

तुमची लेक