सातवा आकडा

डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मराठी येत नाही, तरी मराठीतच लिहिते आहे. हिंदीत मी अडतीस वर्षं पोरांना गणित शिकवलं, पेन्शनसाठी भांडले, बाड्याच्या बाजारात घासाघीस केली. पण मनापासून आभार मानायचे तर शब्द अजून आईच्याच भाषेतले येतात. तुमच्या काउंटरवरची मुलगी आमच्या ग्वाल्हेरच्या लश्कर भागातलीच, मराठी आहे. ती वाचून दाखवील. वाचताना हसू नकोस म्हणावं तिला, कारण पत्र आकड्यांबद्दल आहे. गणिताच्या नव्हे, अंबाड्याच्या.

तुमच्याकडे आले तेव्हा मी चिडलेली होते, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. राग तुमच्यावर नव्हता. तीन वर्षांपूर्वी अंगणात पाय घसरला आणि मनगट मोडलं. ना जिना, ना स्कूटर. उभी होते ती खाली बसले, इतकंच. ज्यांनी प्लास्टर घातलं त्यांच्या हाताला गुण आहे, मनगट आज पोळ्या लाटतं. पण त्रेसष्ट वर्षांच्या बाईचं हाड एवढ्याशा पडण्याने मोडतंच कसं, हा प्रश्न त्यांना पडला नाही. मलाही पडला नाही, पण मी फी घेत नव्हते.

मग यंदा संक्रांतीच्या आधी, धुकं जरा निवळलं म्हणून रजई गच्चीवर उन्हात टाकायला उचलली आणि पाठीत कट् झालं. चमक भरली असेल म्हणून तिळाचं तेल आणि गरम पाण्याची पिशवी, असे पंधरा दिवस काढले. पहिल्या डॉक्टरांनी एक्स-रे ट्यूबलाइटसमोर धरला, 'उम्र का असर है, माताजी' म्हणाले आणि योगा सांगितला. मी आज्ञाधारक. दबलेला मणका घेऊन महिनाभर रोज सकाळी पुढे वाकायचं पश्चिमोत्तानासन करत होते. दुसरे मोठ्या हॉस्पिटलातले, ते माझ्याशी बोललेच नाहीत. 'इनको रात में दर्द रहता है क्या?' असं माझ्या मुलाला विचारलं. दुखणं माझं, उत्तर त्याने द्यायचं, आणि त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, तो भोपाळला राहतो. तिसरं एक मोफत शिबिर. तिथे टाच मशीनमध्ये घातली, कागद निघाला, आणि बाहेर पडले तेव्हा हातात पावडरीचे दोन डबे होते. मोफत शिबिरात माझे अठराशे रुपये गेले.

डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, शेवटी मुलानेच हट्टाने करायला लावली. मणक्याचा टी-स्कोअर, म्हणजे त्या घनतेचा आकडा, उणे ३.२. उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ, हे रिपोर्टच्या तळाशी छापलेलंच होतं. उणे संख्यांत जी मोठी दिसते ती लहान असते, हे पोरांच्या गळी उतरवता उतरवता माझी अर्धी नोकरी गेली. आता उदाहरण म्हणून स्वतःची पाठ मिळाली.

खरी पंचाईत पुढेच होती. जायचं कुणाकडे? हृदयाला हृदयाचे डॉक्टर, डोळ्याला डोळ्याचे. ठिसूळ झालेल्या, पण अजून न मोडलेल्या हाडाला मात्र कुणी वालीच नाही. हाडांचे म्हणतात, मोडलं की या. बायकांच्या डॉक्टर म्हणतात, पाळी गेल्यावर हे व्हायचंच. घरचे डॉक्टर कॅल्शियम लिहून मोकळे. वाट दाखवली ती दालबाजारातल्या आमच्या औषधवाल्याने. 'मैडम, कैल्शियम तो आप तीन साल से ले जा रही हैं, हड्डी की दवा किसी ने लिखी ही नहीं,' म्हणाला, आणि तुमचं नाव एका जुन्या बिलाच्या पाठीवर लिहून दिलं. तुमच्या पाटीवर शुगर आणि थायरॉइड वाचून मी जिन्यातूनच परत फिरणार होते. पण पहिला मजला चढून झाला होता, आणि पाठ दुखत असताना चढलेला मजला कुणी वाया घालवत नाही.

तुम्ही फाइल उघडलीच नाहीत. फॉर्मवर 'सेवानिवृत्त शिक्षिका' एवढं वाचलंत आणि विचारलंत, 'मैडम, नौकरी लगी थी तब हाइट कितनी थी?' मला हसू आलं. पण उत्तर तोंडपाठ होतं. १९८३ साली सर्व्हिस बुकात उंची लिहिली होती, १५५ सेंटिमीटर. पेन्शनपायी त्या पानाच्या इतक्या झेरॉक्स काढल्या होत्या की विसरणं शक्य नव्हतं. मग तुम्ही मला भिंतीवरच्या पट्टीपाशी उभं केलंत. 'जूड़ा खोलना पड़ेगा, नहीं तो दो इंच उसी के चढ़ जाएँगे।'

परक्या माणसासमोर अंबाडा सोडायची मला सवय नाही. तुम्ही मुलाला बाहेर बसवलंत, दार लोटून घेतलंत आणि घाई केली नाहीत. बाहेर वीसेक माणसं ताटकळत होती. मनगट मोडल्यापासून हात मागे नीट वळत नाही, त्यामुळे आकडे काढता काढता एकेक फरशीवर पडत गेला. पट्टीवर १४९ आले. चार सेंटिमीटरच्या वर उंची गेली की मणक्यांकडे बघावंच लागतं, असं काहीतरी तुम्ही सांगत होतात, पण माझं लक्ष खाली पडलेल्या आकड्यांकडे होतं. सवयीने वाकले तर तुम्ही माझा दंड धरलात. 'आप नहीं झुकेंगी। अब से बिलकुल नहीं।' आणि पांढऱ्या कोटासकट तुम्हीच गुडघ्यांवर बसलात. एक टेबलाखाली गेला होता, तो हात लांब करून ओढून काढलात. कोटाच्या बाहीला पुसून सगळे माझ्या तळहातावर ठेवलेत आणि हात धुवायला गेलात, जणू हे रोजचंच काम. त्या आधी तीन ठिकाणी माझे रिपोर्ट पाहिले गेले होते, माझ्याकडे कुणी पाहिलं नव्हतं.

नंतरचं सगळं तुम्हीच केलंत, तुम्हाला काय सांगायचं. तोच जुना एक्स-रे उजेडाच्या डब्यावर लावून बोट ठेवलंत: 'ये ईंट देखिए, आगे से दब गई है। और ये दूसरी, इसका तो आपको पता भी नहीं चला होगा।' खरंच कळलं नव्हतं. मग विचारलंत, आईची पाठ वाकली होती का. तोवर हे मला कुणीही विचारलं नव्हतं. आई शेवटची दहा वर्षं जमिनीकडे बघत चालली. आम्ही भावंडं चेष्टा करायचो, 'आईचं काहीतरी हरवलंय'. खुबा मोडला आणि मग ती अंथरुणावरून उठलीच नाही. तुमच्या खोलीत मी रडले ते त्या चेष्टेसाठी. बेचाळिसाव्या वर्षी गर्भपिशवी काढताना बीजकोशही काढले होते, तेही तुम्ही विचारल्यावरच सांगितलं. मला वाटायचं त्याचा हाडांशी काय संबंध.

तपासण्या झाल्या, ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून निघाली, दातांच्या डॉक्टरांकडे आधी जाऊन आले, मग वर्षातून एकदाचं ते सलाइनमधून द्यायचं इंजेक्शन. सहा महिन्यांनी घ्यायचं दुसरंही एक असतं, पण ते मध्येच सोडलं तर मणके पुन्हा दबू शकतात, हे तुम्ही समजावून सांगितलंत, दोन्हींच्या किमती मी विचारायच्या आत लिहून दिल्यात, आणि निवड माझ्यावर सोडलीत. भोपाळवाल्यावर नाही. पहिल्या इंजेक्शननंतर अंग मोडून ताप येईल, घाबरू नका, असं आधीच बजावलंत. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा सूनबाई घाबरली, मी नाही. सांगून आलेल्या तापाची भीती वाटत नाही, हे मला सासष्टाव्या वर्षी कळलं.

आमच्या गल्लीत आता बायका मला विचारायला येतात, डॉक्टर कसा निवडायचा. मी सांगते, डिग्री बघाच, पण पुढे वाकायचे व्यायाम बंद करायला सांगतो का ते बघा, थायरॉइड-पॅराथायरॉइड तपासल्याशिवाय औषध लिहितो का ते बघा, आणि प्रश्न तुम्हाला विचारतो की तुमच्या मुलाला. आकड्यांचं सांगत नाही. ते सांगितलं तर त्या जाऊन मुद्दाम आकडे पाडतील आणि बघत बसतील.

चांगुलपणाचे पैसे कुणी लावत नाही. तुमच्या फीच्या पावतीवर 'कन्सल्टेशन' लिहिलं होतं, गुडघ्यांवर बसल्याची रक्कम कुठे नव्हती. औषधवाल्याचंही तसंच, ते बिल जुनं होतं, त्याच्या धंद्यात मला डॉक्टरकडे धाडून काही भर पडणार नव्हती, उलट कॅल्शियमचं गिऱ्हाईक जायचं. गेलं मात्र नाही, तेही चालूच आहे, जेवणानंतर. येत्या संक्रांतीला त्याला तिळाची गजक द्यायची आहे. तुम्हालाही पाठवते. तिळात कॅल्शियम असतं, तेव्हा नाही म्हणू नका.

एक राहिलंच. घरी येऊन आकडे मोजले. सकाळी सात लावले होते, तुम्ही दिलेत ते सहा निघाले. सातवा बहुतेक तुमच्या वजनकाट्याखाली असेल. झाडताना सापडला तर मुलीला ठेवायला सांगा, नाही सापडला तरी चालेल. पुढच्या वर्षी इंजेक्शनला येईन तेव्हा उंची पुन्हा मोजा. त्या दिवशी मी वेणीच घालून येणार आहे.

आपली,
लश्करातली गणिताची मॅडम