दिलीपला पत्र: तुझी कनू, इथली पगार होडी

ठाणे (पूर्व)
श्रावण वद्य चतुर्थी

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. हिवाळाभर गॅरेजमध्ये सीडरच्या लाकडाच्या पाव इंची पट्ट्या एकेक करून जोडत तू अख्खी कनू, म्हणजे तुमच्याकडची वल्ह्याची निमुळती होडी, उभी केलीस, याचं मला फार कौतुक वाटलं. नाळेजवळचा, म्हणजे पुढच्या टोकाचा फोटो मी मोठा करून पुन्हा पुन्हा पाहिला. पट्ट्या तिथे निमुळत्या होत एकमेकींत मिसळल्यात आणि सांधा बोटाला लागणार नाही इतका रंधा फिरलाय. यंत्रातून निघालेल्या होडीत हे नसतं. तू विचारलंस, "आपल्याकडे हाताने केलेली लाकडी होडी उरलीय का रे?" उत्तर जरा लांबणार आहे.

अलीकडे सवड मिळाली की मी ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्यात जातो. नारळी पौर्णिमा नुकतीच झाली, त्यामुळे होड्यांवर नवा रंग आहे. पण बहुतेक सगळ्या फायबरच्या. का, ते उघड आहे. फायबर हलकं, त्याला दरवर्षी तेलपाणी लागत नाही, वाळवी लागत नाही. पोट हातावर असलेल्या माणसाने लाकडाचाच हट्ट धरावा असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? पण धक्क्याच्या कडेला एक जुनी पगार, म्हणजे कोरीव होडी, उपडी ठेवलेली आहे. एका आंब्याच्या खोडातून कोरलेली. आतून हात फिरवला की वाकसाचे, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराचे, घाव लागतात, माशाच्या खवल्यांसारखे एकाला लागून एक. एका बाजूला लाकूड उकललंय, तिथे पत्र्याची पट्टी ठोकून फट बुजवलीय. तळ मुशी माशाच्या तेलाने काळा झालाय आणि अजून वास मारतो. आंबा घेरदार मिळतो आणि वाकसाला मऊ लागतो, म्हणून पगारीला तो घेत. पण ओलंसुकं होत राहिलं की तो लवकर कुजतो, त्यामुळे तेल चुकवून चालत नसे. ज्याची पगार, त्याला तिची निगा स्वतःच राखावी लागे.

ती पगार ज्यांची, त्यांना मी काका म्हणतो. वयाने सत्तरीच्या पुढे. तिच्या शेजारी बांधलेल्या छोट्या लाकडी होडीत बसवून त्यांनी मला वल्हवायला शिकवलं. पहिल्याच दिवशी म्हणाले, "पानी मागं लोटू नको, वल्हं रोव नि होरी त्याच्यापरत आन." ऐकायला साधं आहे, पण हातात उतरायला वेळ लागतो. पातं पूर्ण बुडवायचं, पाण्यात धरायचं आणि खांदा-कंबर फिरवून होडी पुढे घ्यायची. नुसत्या दंडाने ओढलं तर पाणी खळबळतं, होडी जागची हलत नाही आणि तासाभरात दंड भरून येतात. बरोबर लागलं की आवाज जवळजवळ बंद होतो.

म्हणूनच तुझ्या पत्रातला जे-स्ट्रोकचा भाग वाचताना मी जागेवरून उठलोच. एकाच बाजूने वल्हवत राहिलं की होडी दुसऱ्या बाजूला वळते. तुमच्याकडे ओढीच्या शेवटी अंगठा खाली वळवून पातं बाहेर लोटतात आणि नाळ सरळ आणतात. काकाही मागच्या टोकाला बसून दर ओढीच्या शेवटी मनगट असंच मुरडतात! हे त्यांना कोणी नाव घेऊन शिकवलेलं नाही. तू गुडघ्यावर बसून कनू एका अंगाला किंचित कलती ठेवतोस, इथे उकिडवं बसतात. कारण एकच, वजन जितकं खाली तितकी होडी स्थिर. आणि पातं पाण्याबाहेर न काढता कडेने कापत पुढे आणायची तुमच्याकडची ती बिनआवाजी पद्धत मला शिकायची आहेच. रोहित पक्ष्यांच्या (फ्लेमिंगोंच्या) जवळ जाताना तिचा फार उपयोग होईल.

आपल्या ठाण्याच्या खाडीत मात्र वल्ह्याआधी पाणी वाचता यावं लागतं. तुझ्या तळ्यात ती अडचण नाही. इथे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्याही पुढे जातो. ओहोटीत चुकीच्या वेळी निघालं तर होडी चिखलावर बसते आणि पुढची भरती येईपर्यंत तिथेच. कोळी तिथीची पाऊणपट करतात, आली ती भरतीची वेळ. आज चतुर्थी, चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. आत ठाण्याकडे पाणी चढायला आणखी थोडा वेळ लागतो, तो अंदाज सरावाने येतो. काका भरतीबरोबर आत येतात, सुकतीबरोबर बाहेर जातात. इंजिन लावलं की हा हिशोब डोक्यातून जातो, कारण पाण्याविरुद्धही जाता येतं. मला लाकडी होडी आणि वल्हं आवडण्याचं मोठं कारण हेच आहे. ती तुम्हाला पाण्याच्या वेळेवर आणून ठेवतात.

कॅनडातल्या पीटरबरोच्या संग्रहालयात बर्चच्या सालीची कनू पाहून तू भारावलास, ते समजू शकतो. सालीची पांढरी बाजू आत आणि आतली बाजू बाहेर पाण्याकडे, स्प्रूसच्या मुळांनी शिवण, वर डिंकाचा लेप. खिळा एकही नाही. शिवलेल्या होड्या आपल्या समुद्रातही होत्या. 2025 मध्ये कारवारला नौदलात दाखल झालेलं कौंडिण्य जहाज मुद्दाम त्याच पद्धतीने, काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून बांधलंय. त्याचा नमुना अजिंठ्याच्या चित्रातून घेतला आणि काम केरळच्या कारागिरांनी केलं. इतकं मोठं काम हाताने होऊ शकतं, तर एखादी लहानशी पगार ठाण्यात का होऊ नये?

हे मी नुसतं हळहळून लिहीत नाही. एका काठाला ठाणं-मुंबई, दुसऱ्या काठाला नवी मुंबई, आणि आपल्यातल्या बहुतेकांनी ही खाडी फक्त वाशीच्या किंवा ऐरोलीच्या पुलावरून पाहिलीय, तीही गाडीची काच वर करून. वास येतो हे खरं. सांडपाणी येतं, प्लास्टिक तिवरांच्या मुळांत अडकतं. तरी ही खाडी 2015 मध्ये रोहित अभयारण्य झाली आणि 2022 मध्ये तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. वल्ह्याच्या होडीतून तिवरांच्या कडेने गेलं की निवट्या मासे चिखलावर उड्या मारताना हाताच्या अंतरावर दिसतात. एकदा हे पाहिलेला माणूस खाडीला गटार म्हणणार नाही, याची मला खात्री आहे.

काकांनी एका सुताराशी गाठ घालून दिलीय. कळव्याचा आहे, वडिलांच्या हाताखाली होड्या बांधलेला. आता दारं-खिडक्या करतो, पण वाकस अजून धार लावून ठेवलाय. अख्खं खोड आता परवडणार नाही, मिळणारही नाही. म्हणून फळ्यांचीच, दोन माणसांची छोटी होडी करायचं ठरतंय, सागाची. खर्चाचा अंदाज दिवाळीपर्यंत देतो म्हणालाय. तो आला की कळवीन, तुझा हिस्सा मी गृहीत धरलाय.

जानेवारीत येणार आहेस ना? तिकीट काढायच्या आधी पंचांग बघ. सप्तमी-अष्टमीच्या आसपास ये. तेव्हा भांगाचं पाणी असतं, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक थोडा, ओढ कमी, नव्या माणसाला सोपं, आणि रोहितही आलेले असतात. तोवर तुझ्या वल्ह्याची मापं पाठव: एकूण लांबी, पात्याची रुंदी, मुठीचा घेर. सुताराने मुद्दाम मागितलीत.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विजय