तीन पायांच्या कुत्र्याला आधी थांबायला शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण एका तीन पायांच्या कुत्र्याचं छायाचित्र छापलंत. तिन्ही पाय जमिनीवरून सुटलेले, कान मागे उडालेले. पाय काढल्यावर थोड्याच दिवसांत तो पळू लागला, असं कौतुक खाली होतं. चित्र पाहून मला आनंद झाला आणि पोटात गोळाही आला. कारण अशीच एक चित्रफीत पाहून मी माझ्या खंड्याला लवकर पळवलं होतं, आणि त्याच्या उरलेल्या एकुलत्या पुढच्या पायाला इजा करून बसले होते.

मी शारीरिक शिक्षणाची निवृत्त शिक्षिका. मुलांना धावायला शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. दुखावलेल्या स्नायूवर धावू नये हे मी शेकडो मुलांना ओरडून सांगितलं असेल. ते स्वतःच्या कुत्र्याच्या बाबतीत मला आठवलं नाही, याची टोचणी अजून आहे. म्हणून हे पत्र.

खंड्या तेव्हा पाच वर्षांचा, 24 किलो वजनाचा. दिवसातून दोनदा मोकळं पळाल्याशिवाय त्याचा दिवस पुरा होत नसे. गाडीचा धक्का लागला तेव्हा हाड मोडलं नाही, पण खांद्यातून डाव्या पायात उतरणाऱ्या नसा मुळापासून तुटल्या. पाय लोंबू लागला. चालताना पंजा उलटा होऊन जमिनीवर घासायचा, जखम व्हायची आणि त्याला ती कळायचीही नाही. डॉक्टर चिमट्याने बोटं दाबून पाहायचे, तो मान वळवायचासुद्धा नाही. काही आठवडे वाट पाहिली. मग पाय काढायचं ठरलं.

त्या आठवड्यात शेजारचे, ओळखीचे कितीतरी जण हळहळले. “बाई, कशाला मुक्या जिवाचे हाल करता, इंजेक्शन देऊन सोडवा त्याला,” असंही काहींनी सुचवलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण ज्या पायात जीव नाही तो ओढत फिरणं हेच खरे हाल होते.

आमच्या डॉक्टरांनी पाय खांद्याच्या पात्यासकट काढला. मी आधी घाबरले होते. निदान कोपरापर्यंतचा तरी ठेवा, असं ह्यांनी विचारलंही. डॉक्टरांनी समजावलं की अर्धवट ठेवलेला खुंट कुत्रा जमिनीवर टेकवायला जातो, तो आपटतो, सोलवटतो, सारखा चिघळतो. मात्र कुणाच्या मनात पुढे कृत्रिम पाय बसवायचा असेल तर त्याला खुंटाचा आधार लागतो, म्हणून ते बोलणं शस्त्रक्रियेच्या आधीच व्हायला हवं. बाकीच्या तीन पायांचे आणि खुब्याचे एक्स-रे आधी काढून घेतले, कारण उरलेल्या सांध्यांवरच पुढचं सगळं आयुष्य उभं राहणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उभा राहिला. लडबडला, भिंतीला टेकला, पण उभा राहिला. टाक्यांना लागणार नाही अशा बेताने पोटाखालून टॉवेल घालून आम्ही त्याला शू करायला न्यायचो. जखमेखालचा निळा-जांभळा रंग दोन-तीन दिवसांत छातीकडे उतरला तेव्हा मी धावत फोन केला. साकळलेलं रक्त खाली ओघळतं, एवढंच ते होतं. जखम चाटू नये म्हणून घातलेला गळ्याभोवतीचा प्लास्टिकचा शंकू मात्र एकदाही काढला नाही.

रात्री त्रास व्हायचा. गाढ झोपेतून तो किंचाळून उठे आणि जिथे पाय होता तिथे वळून पाहत राही. नसलेला पाय दुखतो, हे माणसांबद्दल मी ऐकलं होतं. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी गॅबापेंटिन हे नसांच्या वेदनेवरचं औषध सुरू केलं आणि काही दिवसांत किंचाळणं थांबलं. अशा रात्री घरातल्या डब्यातली आपली वेदनाशामक गोळी द्यायचा मोह होतो. कृपा करून देऊ नका. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला गंभीर इजा होऊ शकते, पॅरासिटामॉलही धोक्याचं. फोन करा, वाट पाहा, पण गोळी डॉक्टरांचीच द्या.

घरात सर्वांत मोठा फरक पडला तो जमिनीमुळे. गुळगुळीत फरशीवर तो एक पाऊल टाकायचा आणि छातीवर आदळायचा. त्याची झोपायची जागा, पाण्याचं भांडं आणि दार, एवढा रस्ता आम्ही योगासनाच्या रबरी चटयांनी जोडून घेतला. तळव्यांच्या गाद्यांमधले केस कापले, नखं आखूड ठेवली. भांडी छातीच्या उंचीवर ठेवली, कारण एका पुढच्या पायावर खाली वाकून खाताना तो थरथरायचा.

बाराव्या दिवशी टाके निघाले. जखम सुरेख भरली होती. सोळाव्या दिवशी मी त्याला मोकळ्या गवतावर नेलं आणि चेंडू टाकला.

तो पळाला, संपादक महाशय, अगदी तुमच्या छायाचित्रातल्यासारखा. माझे डोळे भरून आले. चेंडू एका दगडावर आपटून बाजूला उडाला, त्याच्यामागे तो गर्रकन वळला आणि हनुवटीवर पडला. संध्याकाळपर्यंत उजव्या पायाचं मनगट सुजलं. हाड शाबूत होतं, सांध्याचे बंध ताणले गेले होते. चार पायांचा कुत्रा दुखरा पाय वर धरून तीन पायांवर लंगडतो. खंड्याला तो उचलून धरायची सोयच नव्हती. त्या सुजल्या मनगटावरच त्याला उभं राहावं लागत होतं. तीन आठवडे आम्ही त्याला जवळपास उचलूनच फिरवलं.

त्या दिवशी डॉक्टरांनी जे सांगितलं ते प्रत्येक मालकाला माहीत असायला हवं. उभ्या कुत्र्याचा साधारण 60 टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. म्हणजे खंड्याच्या प्रत्येक पुढच्या पायावर सात किलोच्या आसपास. एक पाय गेल्यावर त्यातलं काही वजन मागचे पाय उचलतात, पण उरलेल्या पुढच्या पायावर पूर्वीपेक्षा बराच जास्त भार कायमचा येतो. तो पाय हळूहळू छातीच्या मध्याकडे सरकतो, पाठ वेगळी वाकते, मानेचे आणि खांद्याचे स्नायू दुप्पट राबतात. मागचा पाय गेलेल्या कुत्र्याचं त्यामानाने लवकर जमतं.

आणि दुसरी गोष्ट, जी मला शिक्षिका असूनही सुचली नव्हती. तीन पायांवर सावकाश चालणं हे पळण्यापेक्षा अवघड असतं. वेगात असलं की अंगाचा रेटा पुढे नेतो, तोल आपोआप सांभाळला जातो. सायकल हळू चालवताना डगमगते, तसंच. म्हणून पाय काढलेला कुत्रा पळायला लागला की तो बरा झाला असं धरू नये. तो पळतो, कारण त्याला पळणं सोपं जातं. हळू चालता येऊ लागलं, मध्येच थांबून शांत उभं राहता येऊ लागलं, की समजावं अंगात ताकद आली.

मग मी माझ्या जुन्या वहीसारखी एक वही घातली. पाच मिनिटं चालणं, दिवसातून चार वेळा, दोरीवर. गळपट्ट्याऐवजी पाठीवर मूठ असलेला छातीचा पट्टा, टाक्यांच्या जागी न घासणारा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंथरुणातून कसा उठतो ते पाहायचं. सलग तीन सकाळी मोकळा उठला तर एक मिनिट वाढवायचं, जड उठला तर दोन मिनिटं कमी. वाटेत खाली बसला, खांद्याचे स्नायू थरथरले किंवा घरी येऊन मनगट चाटत बसला, तर त्या दिवशी जास्त झालं असं लिहायचं. पहिल्या महिन्यात मी अकरा वेळा “जास्त झालं” लिहिलं आहे.

फिजिओथेरपी करणाऱ्या डॉक्टरांनी काही व्यायाम दाखवले. सर्वांत उपयोगी ठरलं ते नुसतं उभं राहणं. “थांब” म्हटलं की तिन्ही पायांवर स्थिर उभं राहायचं. मी त्याच्या नाकापुढून खाऊ सावकाश डावीकडे, मग उजवीकडे न्यायची. मान वळली की वजन सरकतं आणि पोटाचे, पाठीचे स्नायू कामाला लागतात. सुरुवातीला दहा सेकंदांत दमायचा. पुढे जमिनीवर काठ्या अंतराअंतराने मांडून त्यांच्यावरून हळू चालवणं आलं, मग जाड उशीवर उभं राहणं. पोहण्याची परवानगी बरीच उशिरा मिळाली, तीही तरंगायचं जाकीट घालूनच, कारण तीन पायांनी पोहताना कुत्रा एका अंगाला कलतो. उतरणीवर, जिन्यावर मी पाठीची मूठ धरते. वर चढताना त्याला काही होत नाही. खाली उतरताना सगळं अंग त्या एका मनगटावर येतं. सोफ्यावरून आणि गाडीतून उडी मारणं आमच्याकडे कायमचं बंद आहे. त्यासाठी घसरण न होणारी उतरती फळी केली आहे.

पण पाच मिनिटं चालून ह्या कुत्र्याचं काय होणार? त्याच्या अंगातली रग तशीच. तिसऱ्या दिवशी त्याने दाराशी बसून रडायला सुरुवात केली, चौथ्या दिवशी ह्यांची चप्पल फाडली. मला वाटतं, चपळ कुत्र्यांचे मालक इथेच हार मानतात आणि त्याला मोकळं सोडतात. आम्हाला वाचवलं ते त्याच्या नाकाने. त्याचं रोजचं जेवण आम्ही भांड्यात देणंच बंद केलं. गुंडाळलेल्या टॉवेलच्या घड्यांत, तीन खोक्यांपैकी एकात, गवतात विखरून, असं तो हुंगून शोधायचा. ह्यांनी तर माझा रुमाल लपवून तो शोधायला शिकवलं. फिरायला गेलं की त्याला हवं तितकं हुंगू देते. एकाच झुडपाशी चार मिनिटं गेली तरी दोरी ओढत नाही. असं अर्धा तास डोकं चालवल्यावर तो जसा घोरत पडतो, तसा पूर्वी लांबवर पळूनही पडत नसे.

वजनाबद्दल एवढंच, की दीड महिन्यात त्याने दीड किलो वाढवलं आणि दोष आमचा होता. येईल तो दया येऊन खाऊ घालायचा. आता खाऊ रोजच्या जेवणातूनच वजा होतो, आणि बोट हलकेच फिरवल्यावर बरगड्या लागतात की नाही हे मी दर आठवड्याला पाहते.

एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती आणि ती मला फार लागली. खंड्या शेकहँड द्यायचा तो डाव्या पायाने. शस्त्रक्रियेनंतर महिनाभराने ह्यांनी सवयीने हात पुढे केला. त्याच्या डाव्या बाजूची कातडी थरथरली, अंग तिकडे झुकलं, आणि तो आमच्या तोंडाकडे पाहत राहिला. उजवा पाय उचलला तर तो पडणार. आम्ही तो खेळ बंद केला आणि त्याला तळहाताला नाक लावायला शिकवलं. चघळायचं खेळणंही त्याला आता दोन पंजांत धरता येत नाही, ते सरकत जातं. म्हणून त्याचं दुसरं टोक मी धरून बसते.

दवाखान्याबद्दल माझी तक्रार एकच आहे. शस्त्रक्रिया उत्तम झाली, टाके नीट होते, माणसं प्रेमळ होती. पण घरी सोडताना हातात जो कागद मिळाला त्यावर फक्त औषधांची नावं आणि टाके काढायची तारीख होती. टाके निघाले म्हणजे सगळं झालं असं मी त्यावरूनच समजले. पाय काढलेल्या प्रत्येक प्राण्याच्या मालकाला अजून एक पान मिळायला हवं: पळणं कधी, उडी का नको, फरशीचं काय करायचं, वजन किती ठेवायचं, दुखतं आहे हे कशावरून ओळखायचं. पशुवैद्यक मंडळी आपलं वृत्तपत्र वाचतात, म्हणून ही विनंती आपल्यामार्फत करते.

आज चौदा महिने झाले. खंड्या पळतो. गवतावर, सरळ रेषेत, चेंडूशिवाय, दोन मिनिटं. मग मी “थांब” म्हणते आणि तो धापा टाकत थांबतो.

त्या छायाचित्रातल्या कुत्र्याच्या मालकांपर्यंत हे पत्र पोचवता आलं तर जरूर पोचवा. चित्रात त्याचा उजवा पुढचा पाय नाही. डावं मनगट त्यांनी रोज रात्री हातात धरून पाहावं, गरम लागतंय का.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)