‘सिली सॉसेज’ ही शिवी नव्हे

लीड्स, इंग्लंड

ती. बाबांना सा. न. वि. वि.

परवा फोनवर नातवाने तुम्हाला ‘सिली सॉसेज’ म्हटलं आणि तुम्ही एकदम गप्प झालात, म्हणून हे पत्र. त्यात अपमान नव्हता. सॉसेज, बिली, गूस यांच्याआधी ‘सिली’ लागलं की शब्द लाडाचा होतो, आपल्याकडच्या ‘वेडोबा’सारखा. पण वेडेपणाला इंग्रजीत शब्द भरपूर आणि प्रत्येकाचं वजन निराळं. जूनमध्ये तुम्ही इथे याल तेव्हा ते बसमध्ये, बाजारात कानावर पडतीलच.

आमच्या यॉर्कशरचा मला सर्वांत आवडता म्हणजे ‘डॅफ्ट एपथ’. (दक्षिणेत ‘डाफ्ट’ म्हणतात, इथे ‘डॅफ्ट’.) मूळ शब्द हाफपेनीवर्थ, म्हणजे अर्ध्या पेनीत येईल तेवढा माल. बोलताना त्याचा झाला ‘हेपथ’ आणि इथले लोक सुरुवातीचा ‘ह’ खातात, म्हणून ‘एपथ’. अर्ध्या पेनीचं नाणं १९८४मध्ये चलनातून गेलं, शब्द मात्र राहिला. आपला ‘दीडदमडीचा’ त्याच घडणीचा, पण त्यात तुच्छता असते. ‘डॅफ्ट एपथ’ आजी नातवाला जवळ घेऊन म्हणते.

‘नम्पटी’ स्कॉटलंडकडचा, आपला ‘माठ’. ‘ईजिट’ म्हणजे आयरिश तोंडातला ‘इडियट’, उच्चारानेच मवाळ झालेला. ‘मपेट’ हे जिम हेन्सनच्या कापडी बाहुल्यांचं नाव. गोंधळ घालून वर भाबडा चेहरा करणाऱ्याला आपण ‘काय ध्यान आहे’ म्हणतो ना, तिथे तो चपखल बसतो.

आता वापर. आपण ‘अरे गाढवा’ म्हणतो, तसं इथे नामाआधी ‘यू’ येतं: ‘यू मपेट!’ हसत म्हटलं तर मैत्री, दात आवळून म्हटलं तर भांडण. तिसऱ्याबद्दल बोलताना ‘अ बिट ऑफ अ’ लावलं की धार बोथट होते. ‘कम्प्लीट’ किंवा ‘ॲब्सोल्यूट’ लावलं की वाढते. या ‘ॲब्सोल्यूट’ची करामत अशी, की पुढे निरुपद्रवी वस्तू ठेवली तरी माणूस मूर्ख ठरतो: ‘ॲब्सोल्यूट डोनट’, ‘ॲब्सोल्यूट मेलन’. मराठीतही शंख, दगड, माठ आहेत, पण ते ठरलेले. आयत्या वेळी कुठलीही वस्तू उचलून चालत नाही.

काही शब्द दिसायला साधे, मुळात अश्लील. ‘प्रॅट’ म्हणजे पूर्वी ढुंगण. ‘पिलक’चं मूळ पुरुषाच्या अवयवात, आणि ‘प्लॉन्कर’लाही तो अर्थ आहे; मात्र १९८१पासून बीबीसीच्या एका विनोदी मालिकेने प्लॉन्कर घराघरांत नेला, म्हणून तो आज बराच सौम्य वाटतो. ‘बर्क’ सगळ्यांत फसवा. तो ‘बर्कली हंट’ (किंवा ‘बर्कशर हंट’) या जोडशब्दाचा उरलेला तुकडा, आणि त्यातल्या ‘हंट’शी यमक जुळणारी अतिशय घाण शिवी त्यामागे लपलेली आहे. म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना हे माहीत नसतं. तुम्ही वापरू नका.

आणि ‘मोरॉन’, ‘इम्बेसिल’, ‘स्पॅझ’ तर चुकूनही नकोत. ‘मोरॉन’ हा शब्द १९१०मध्ये हेन्री गोडार्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने बुद्धिमापनातल्या एका गटासाठी घडवला. इंग्लंडच्या १९१३च्या कायद्यात ‘इम्बेसिल’ ही माणसांची अधिकृत वर्गवारी होती आणि तिच्या आधारे माणसं संस्थांत डांबली जात. ‘स्पॅझ’ तर ‘स्पॅस्टिक’चा तुकडा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणं) असलेल्या मुलांवरून निघाला. शाळांच्या मैदानांवर त्याची शिवी झाली, म्हणून त्यांच्यासाठी काम करणाऱ्या ‘स्पॅस्टिक्स सोसायटी’ने १९९४मध्ये स्वतःचं नावच बदललं. आपल्याकडे पोरं एकमेकांना ‘मतिमंद’ म्हणतात, तेही तितकंच वाईट. तुमच्या शिकवणीतल्या मुलांना हे जरूर सांगा.

रविवारी नातू पुन्हा ‘सिली सॉसेज’ म्हणाला, तर ‘यू डॅफ्ट एपथ’ असं उत्तर द्या. ‘ए’ लांबवा, ‘पथ’ पटकन संपवा.

आईला नमस्कार.

तुमचा,
नंदू