धुकं असेल तर

सावंतवाडी,
आषाढातला सोमवार

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर बोललो ते बोलायला नको होतं. "आयसीयूत मरणं कमी बघितलीस म्हणून आता हेलिकॉप्टरात बसायला निघालीस?" असं बापानं लेकीला विचारू नये. तू फोन ठेवलास ते बरोबर केलंस. आई अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते.

लांबचे रोगी उडत जाऊन आणायची ती ऑस्ट्रेलियातली नोकरी घेऊ नको, असं सांगायला हे पत्र नाही. हेलिकॉप्टरचा विषयच काढायचा नाही, असं ठरवून बसलोय.

तू सांगितलेलं सगळं मी वहीत उतरवून ठेवलंय. क्वीन्सलँडमधल्या क्लोनकरी गावातून 1928 साली पहिला उडता डॉक्टर निघाला, तो गाव मी नकाशात शोधला. आपण गोव्यातल्या बांबोळीच्या हॉस्पिटलला लांब म्हणतो, तिकडे तेवढ्या अंतरात एक घर लागत नसेल. रिट्रीव्हल म्हणजे नुसतं उचलून पळणं नाही, आयसीयूच रोग्यापाशी न्यायचं, आधी त्याचा श्वास आणि बीपी सावरायचं आणि मगच हलवायचं, हे आता मला पाठ झालंय. नानांना नेताना गाडीत ड्रायव्हर आणि मी, दोघंच होतो. पत्रादेवीच्या अलीकडे सिलिंडर संपला. तुझ्यासारखं कुणीतरी त्या गाडीत असायला हवं होतं. हे मला कळत नाही असं समजू नको.

लहानपणी तू माझ्या गाडीतून आंबोलीला यायचीस. वर पोचल्यावर वेफर्सची पुडी टुम्म फुगलेली बघून म्हणायचीस, "बाबा, हिच्यात कोण शिरलं?" परवा तूच सांगत होतीस, उंचावर रोग्याच्या छातीत अडकलेली हवा तशीच फुगते, म्हणून उडण्याआधी ती काढावी लागते. मला ती पुडीच दिसत राहिली.

आता एक सांगतो, जे आईलाही माहीत नाही. 1998 चा जुलै. चौकुळची मुक्कामाची गाडी पहाटे काढली. एक बाई सात-आठ वर्षांच्या मुलाला पोटाशी धरून चढली. रात्री जमिनीवर निजला होता, पहाटेपासून पोटात दुखतंय म्हणाली. पोराच्या पापण्या वर होत नव्हत्या. कंडक्टर बाबल्या माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मण्यार." घाटात धुकं असं, की बॉनेट दिसेना. एरवी मी गाडी कडेला घेऊन बसलो असतो, ड्रायव्हरला तेवढा अधिकार असतो. त्या दिवशी नाही थांबलो. बाबल्या दारात लोंबकळून कठडा सांगत होता. एका वळणावर डावं मागचं चाक रस्ता सोडून खाली गेलं आणि परत आलं. ते मला सीटखाली कळलं. गाडीत 31 माणसं होती.

पोर वाचलं. सावंतवाडीत डॉक्टरांनी घशात नळी घातली आणि त्याच्या मामानं बांबोळीपर्यंत हातानं श्वास द्यायचा फुगा दाबला. तू नंतर कोपनहेगनचं सांगितलंस, 1952 च्या पोलिओत मेडिकलची मुलं पाळ्या लावून असाच फुगा दाबत होती आणि तिथूनच आयसीयू सुरू झालं, तेव्हा मला तो मामाच आठवला. गणपतीच्या आधी त्याची आई डेपोत फणसाची साटं घेऊन आली. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. साटं तू खाल्लीस. मी एक तुकडा तोंडात घातला नाही.

म्हणून तू म्हणालीस, की बऱ्याच ठिकाणी वैमानिकाला रोगी मूल आहे की म्हातारा हे सांगतच नाहीत, त्यानं फक्त हवामान बघून हो-नाही सांगायचं, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. बाबल्या कानाशी आला नसता, तर मी थांबलो असतो. पण बाय, वैमानिकाला माहीत नसेल, तुला तर माहीत असणार ना? तिघांनी हो म्हटलं तरच निघायचं, एकानं नाही म्हटलं तरी थांबायचं, हा तुमचा नियम चांगला आहे. पण तो एक तू होशील का? तिसरीत मास्तरांनी चुकून दोनदा फळा पुसायला लावला, तरी तू नाही म्हणाली नव्हतीस. रक्त माझंच आहे.

झोप झाली नसेल तर नाही म्हणायचं. पोटात गोळा आला तर नाही म्हणायचं, कारण द्यावं लागत नाही. कुणी भित्री म्हटलं तर म्हणू दे. आणि परतीच्या वेळी जास्त सांभाळ, माणूस परततानाच सैल होतो, मी 32 वर्षं

बघ, विषय काढायचा नाही म्हणालो आणि शाळा घेत बसलो. माफ कर. तुला तुझं काम कळतं. परवा डेपोत मीच सगळ्यांना सांगत होतो, माझी मुलगी उडत जाऊन रोगी आणणार. शेवटी त्यांनी चहा पाजून गप्प केलं.

आमसुलं आणि कुळथाचं पीठ आईनं बांधून ठेवलंय, कस्टममधून जात असेल तर कळव. माईच्या गुडघ्याचं तसंच आहे.

तिकडे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे. पहिल्या रात्रपाळीनंतर खाली उतरलीस, की फोन कर. इकडे किती वाजले ते बघू नको. मी जागाच असेन.

तुझे,
बाबा