नंदू, विषय बदलू नकोस

नौपाडा, ठाणे

प्रिय नंदू,

तुझं पत्र मिळालं. उरणजवळच्या जासईचं, सिडकोने जमिनी घेतल्याविरुद्धचं शेतकरी आंदोलन फार स्थानिक आहे, जात, राष्ट्रवाद आणि चळवळ एका प्रबंधात कोंबू नकोस, असं तुझे मार्गदर्शक म्हणतात आणि तू विषय बदलायच्या बेतात आहेस. वाचून रात्री झोप लागली नाही. बदलू नकोस रे.

समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्व्हेटबाईंचंच बघ. जन्म मिनिआपोलिसचा, शिक्षण बर्कलेचं. महाराष्ट्रात येऊन त्यांनी विषय घेतला ब्राह्मणेतर चळवळीचा, १८७३ ते १९३०. फुल्यांच्या सत्यशोधक समाजाच्या स्थापनेपासून केशवराव जेध्यांसारखे ब्राह्मणेतर चळवळीतले तरुण काँग्रेसकडे वळले तिथपर्यंतचा पट. टिळकांची ती राष्ट्रीय चळवळ आणि फुल्यांच्या वाटेने जाणारे ते इंग्रजधार्जिणे, अशी तेव्हाची सरधोपट वाटणी होती. बाईंनी ती नाकारली. सावकार आणि भटजी यांच्याविरुद्ध उभा राहिलेला कुणबी राष्ट्राच्या बाहेरचा कसा, हा मला त्या प्रबंधाचा गाभा वाटतो. त्यांनी सत्यशोधक जलसेही, म्हणजे चळवळीचे गाण्या-नाट्याचे प्रचारी खेळ, अभ्यासाचं साधन म्हणून गांभीर्याने घेतले. १९७३ मध्ये पीएचडी झाली, १९७६ मध्ये पुस्तक आलं. आज फुल्यांवर लिहिणारा कुणीही त्याला वळसा घालून जाऊ शकत नाही.

आणि पुढे? सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात संसार, श्रमिक मुक्ती दल ही कष्टकऱ्यांची संघटना, दुष्काळ आणि पाण्याचे लढे, परित्यक्ता स्त्रियांचे मोर्चे. १९८३ मध्ये भारतीय नागरिकत्व. सासूबाई इंदुताई पाटणकर प्रतिसरकारच्या, म्हणजे साताऱ्याकडच्या इंग्रजविरोधी समांतर सरकारच्या लढ्यातल्या. म्हणजे राष्ट्रीय चळवळ आणि जातीविरोधी चळवळ बाईंच्या एकाच घरात नांदत होत्या. दलित चळवळीवरचं त्यांचं मोठं पुस्तक १९९४ मध्ये आलं, ते इतकी वर्षं गावात राहून. विद्यापीठातली अध्यासनं मधूनमधून मिळाली, पण त्यांच्या कामाचं बूड गावातच राहिलं. त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. नर्मदा आंदोलनावरची त्यांची टीका मला आजही खुपते. आपण प्रकल्पग्रस्तांच्या मुलुखातली माणसं, आपल्याला ती खुपणारच. पण भांडायचं तर अशा अभ्यासकाशी भांडावं.

आता तुझा विषय. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळासाठी ठाणे, पनवेल, उरणमधल्या ९५ गावांची जमीन गेली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई-नवघर भागात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. त्या लढ्यातून, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत द्यायची, हे तत्त्व आलं. लढणारे बहुसंख्य आगरी-कोळी, नेते दि. बा. पाटील, आणि समोरून उत्तर काय, तर देशाच्या विकासासाठी जमीन द्या. देश कुणाचा आणि त्याग कुणी करायचा, हा राष्ट्रवादाचाच प्रश्न झाला ना? जात यातून बाजूला कशी काढणार? ज्यांची जमीन गेली त्यांची जातच पोटात मिठागर, भातशेती आणि खाडी घेऊन आलेली.

शिवाय मागे जा. चरीचा संप १९३३ ते १९३९. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली अलिबागच्या कुळांनी खोतांची, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची शेतं कसायला नकार दिला आणि सहा वर्षं हाल सोसले. १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं. चरी ते जासई हा धागा तू जोडलास तर 'स्थानिक' हा आक्षेप आपोआप गळून पडेल. मार्गदर्शकांना हेच सांग, आधी नम्रपणे, मग ठामपणे. सामाजिक चळवळींचा अभ्यास दिल्लीच्या वाचनालयात होतो असं त्यांना वाटत असेल, तर त्यांना एकदा उरणला यायचं निमंत्रण दे.

एक काम मात्र लगेच कर. गोळीबाराच्या वेळी वीस-पंचवीस वर्षांचे होते ते आता साठी ओलांडून गेले आहेत. बायकांच्या आठवणी तर कुणी धड टिपलेल्याच नाहीत, आणि मोर्च्यात त्या होत्या. तुझी आत्या अजून स्वच्छ बोलते. तिच्यापासून सुरुवात कर, तिच्या आगरी बोलीतच लिहून घे, प्रमाण मराठीत सुधारत बसू नकोस.

रेकॉर्डर माझ्याकडे आहे. दिवाळीच्या सुट्टीत ये, नवी मुंबईची लोकल धरून उरणला जाऊ. सिडकोच्या जुन्या भूसंपादनाच्या कागदांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज मी आत्ताच लिहायला घेतो. कोणकोणत्या गावांचे हवेत ते फक्त कळव.

आईंना नमस्कार.

तुझा,
विजू