न जुळणारी नोंद खोडू नका म्हणणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

ठाणे, कळवा आणि ऐरोलीच्या शाळांत मराठी-इंग्रजी शिकवणारे आम्ही काही शिक्षक हे पत्र मिळून लिहितो आहोत. नौपाड्यात शनिवारी दुपारी तुम्ही आमच्यासाठी घर उघडं ठेवलंत, चहा पाजलात आणि ‘स्वभावचित्रण करा’ या प्रश्नाकडे बघण्याची आमची सगळी पद्धत बदललीत. आभार घरी येऊनही मानता आले असते. पण जे दिलंत ते इतर शिक्षकांना आणि पालकांनाही वापरता यावं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिलं आहे.

पात्र समजून घेताना मुलांचं गाडं कुठे अडतं, ते तुम्ही पहिल्याच बैठकीत नेमकं सांगितलंत: विशेषण आधी येतं आणि वाचन नंतर. श्यामची आई प्रेमळ, ‘एकच प्याला’तली सिंधू त्यागमूर्ती, शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधला शायलॉक लोभी. गाईडमधून हे शब्द एकदा डोक्यात बसले की मुलं पुस्तकात तेवढंच शोधतात. बाकीचं डोळ्यांसमोर असूनही त्यांना दिसत नाही.

त्यावर तुमचा उपाय म्हणजे एक फुलस्केप आडवा धरून पाडलेले चार रकाने. पात्र काय बोलतं, काय करतं, त्याच्याविषयी दुसरे काय बोलतात, आणि बोलता किंवा करता आलं असतं तरी ते काय टाळतं. प्रत्येक नोंदीपुढे पान किंवा अंक-प्रवेश. पहिल्या वाचनात पेन्सिल हातात घ्यायची नाही, नोंदी दुसऱ्या वाचनात करायच्या. एका पात्राच्या आठ-दहा नोंदी पुरतात. त्याहून जास्त झाल्या की मुलं पुस्तक उतरवून काढू लागतात. एका विशेषणासाठी निदान तीन नोंदी हव्यात, आणि त्या तिन्ही एकाच रकान्यातल्या नकोत. तिसऱ्या रकान्यात बोलणाऱ्याचं नाव लिहिल्याशिवाय नोंद धरायची नाही, कारण शत्रूचं मत आणि मित्राचं मत एकाच तागडीत टाकलं की उत्तर बिघडतं.

हे सगळं थोड्याफार फरकाने इतरही सांगतात. तुमचा खरा नियम पुढचा: जी नोंद बाकीच्यांशी जुळत नाही ती खोडायची नाही, तिच्याभोवती चौकट करायची.

‘श्यामची आई’मधली ‘अळणी भाजी’ची रात्र तुम्ही आमच्याकडून करून घेतलीत ती अशी. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील जेवतात आणि काही बोलत नाहीत. मुलंही गप्प राहतात. आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. मुलांच्या तक्त्यात वडिलांचे पहिले दोन रकाने इथे जवळजवळ कोरे राहतात, कारण ते काही खास बोलत नाहीत आणि जेवण्यापलीकडे काही करत नाहीत. सगळं आहे ते चौथ्या रकान्यात. जिने सकाळपासून राबून स्वयंपाक केला तिचं मन दुखवायचं ते टाळतात. मुलं इथे ‘वडील समंजस’ असं लिहून मोकळी होतात. मग तुम्ही त्यांना ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’ ही रात्र वाचायला लावायला सांगितलंत. शेत विकून कर्ज फेडून टाकू, हे आईचं कळवळून सांगणं हेच वडील मानत नाहीत. ताटातली चूक पोटात घालणारा माणूस बायकोचा व्यवहारातला सल्ला मात्र ऐकत नाही. चौकट इथे येते. ‘समंजस’ हा शब्द खोडायचा नसतो. कुठवर समंजस आणि कुठून पुढे नाही, हे लिहायचं असतं. नववीच्या मुलालाही हे जमतं, फक्त दोन्ही रात्री शेजारी ठेवून द्याव्या लागतात.

आईच्या बाबतीतही तसंच. ‘श्यामचे पोहणे’मध्ये ती लपून बसलेल्या मुलाला मारून विहिरीवर पाठवते. ‘थोर अश्रू’मध्ये त्याच मुलाच्या ओल्या पायांना माती लागू नये म्हणून आपलं लुगडं पसरते आणि पायांसारखंच मनालाही जप म्हणून सांगते. एकच नोंद घेतली तर आई कठोर ठरते किंवा हळवी ठरते. दोन्ही घेतल्या की मूल भित्रं निघू नये आणि मळकं निघू नये, ही एकच काळजी दोन वाटांनी जाताना दिसते.

याच पुस्तकाबद्दल तुम्ही दाखवलेली आणखी एक गोष्ट आम्ही आता पहिल्याच तासाला सांगतो. साने गुरुजींनी हे 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि 42 रात्रींची रचना केली. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना आपलं लहानपण सांगतो आहे. म्हणजे श्याम दोन आहेत: रडणारा, रुसणारा मुलगा, आणि त्याच्याकडे मागे वळून बघणारा माणूस. ‘श्याम पश्चात्ताप करतो’ असं मुलं लिहितात तेव्हा पहिला प्रश्न हवा, कोणता श्याम? बऱ्याचदा पश्चात्ताप मोठ्याचा असतो आणि छोटा तेव्हा फुरंगटलेलाच असतो. निवेदक कोण, त्याला किती माहीत आहे आणि तो केव्हा सांगतो आहे, हे तीन प्रश्न तक्त्याच्या वर लिहून ठेवले की हा घोटाळा निम्म्याने कमी होतो.

इंग्रजी माध्यमाच्या मुलांना याचा सगळ्यात मोठा उपयोग ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये झाला. त्यात ज्यू सावकार शायलॉक व्यापारी अँटोनियोला कर्ज देतो, आणि ते फिटलं नाही तर त्याच्या अंगाचं शेरभर मांस कापून घ्यायचं ठरतं. तिसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश घ्या. ज्यूला डोळे नसतात का, हे शायलॉकचं भाषण मुलं पाठ करतात आणि ‘तो समानतेची मागणी करतो’ असं लिहितात. ते भाषण अर्ध्यावर तोडलेलं असतं, हे तुम्ही दाखवलंत. शेवटापर्यंत वाचलं तर ते सूडावर येऊन थांबतं: तुम्ही जे शिकवलंत तेच मी करणार, आणि सवाई करणार. माणूसपणाचा दावा आणि सुऱ्याची तयारी एकाच श्वासात आहे. याच प्रवेशात ट्यूबल या मित्राशी बोलताना तो म्हणतो की घरातून पळून गेलेली मुलगी कानात दागिन्यांसकट माझ्या पायाशी मरून पडली असती तर बरं. आणि काही ओळींनंतर कळतं की तिने एका माकडाच्या बदल्यात अंगठी देऊन टाकली. ती लीयाने, त्याच्या बायकोने, लग्नाआधी त्याला दिलेली. रानभर माकडं मिळाली असती तरी ती दिली नसती, असं तो म्हणतो. इथे तो किमतीचा हिशेब करत नाही. ‘शायलॉकला फक्त पैसा कळतो’ या वाक्याला एवढी एक नोंद पुरून उरते, आणि ‘शायलॉक बिचारा’ या वाक्याला आधीची नोंद. दोन्हींना चौकट.

अँटोनियोचंही तेच. मित्रासाठी जीव गहाण टाकणारा म्हणून मुलं त्याला पूर्ण गुण देऊन टाकतात. पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात शायलॉक त्याला सुनावतो की तू माझ्यावर थुंकलास, मला कुत्रा म्हणालास. त्यावर अँटोनियो नाही म्हणत नाही. पुन्हा तसंच म्हणेन, पुन्हा थुंकेन, हे त्याचं उत्तर आहे. तीन हजार डुकॅट मागायला आलेला माणूस हे बोलतो. या दोन ओळी तक्त्यात नसतील तर कोर्टाचा प्रवेश शिकवूच नये, असं तुम्ही म्हणाला होतात. आम्हाला ते शंभर टक्के पटलं आहे.

‘ज्युलियस सीझर’मध्ये तुम्ही लहान प्रवेशांकडे लक्ष वेधलंत. सीझरला मारणाऱ्या ब्रूटसचं भाषण गद्यात आहे, सीझरचा मित्र अँटनी याचं पद्यात, हे आम्ही सांगत होतोच. सीझरच्या मृत्युपत्रातले माणशी 75 ड्राक्मा जमावाला कसे फिरवतात, तेही. पण लगेच पुढचा, सिना कवीचा प्रवेश छोटा आहे म्हणून वर्गात वगळला जातो. नाव एका कटवाल्यासारखं आहे एवढ्यावरून जमाव त्याला फाडतो. मी तो सिना नाही असं तो सांगतो, तर त्याच्या वाईट कवितांसाठी फाडा, असं उत्तर येतं. अँटनीच्या भाषणाचा परिणाम काय झाला, या प्रश्नाचं उत्तर या प्रवेशाइतकं थेट दुसरीकडे मिळत नाही. मूळ नाटकात जे पात्र दोन मिनिटं येतं, ते तिथे कशाला ठेवलं असेल हा प्रश्न विचारायची सवय मुलांना लागली, ती यातून.

आता आशयसूत्राकडे. मुलांना विचारलं की ‘एकच प्याला’ कशाबद्दल आहे, तर उत्तर येतं दारू. तुमच्या तीन पायऱ्या इथे कामी येतात. आधी एक शब्द लिहायचा. मग त्या शब्दाचा प्रश्न करायचा: दारूबद्दल नाटक काय विचारतं? सिंधूचा नवरा सुधाकर, शिकलेला, कर्तबगार वकील, पहिल्या प्याल्यापर्यंत पोचतो कसा? मग नाटक देतं ते उत्तर एका पूर्ण वाक्यात लिहायचं. अपमान झाल्यावर आधार शोधणाऱ्या माणसाच्या अहंकाराला दारुडा तळीराम नेमकं हवं ते पाजतो, असं काहीतरी वाक्य येतं, आणि ‘दारू वाईट’ या वाक्यापेक्षा ते कितीतरी पुढे असतं. शेवटी वाक्याची परीक्षा: नाटकाचा शेवट त्याला धरून आहे का, आणि त्याच्या विरोधात जाणारं पात्र कोण? विरोधात जाणारं कोणीच सापडलं नाही, तर वाक्य फार ढोबळ आहे. आर्य मदिरा मंडळ या दारुड्यांच्या मंडळाचे हास्यप्रवेशही मग नुसते विनोदी राहत नाहीत. आपल्याला बुडवणाऱ्या गोष्टीला माणसं किती ऐटीत संस्था, नियम आणि भाषणं देतात, ते तिथे दिसतं.

सिंधूवर वर्गात भांडण होतं, आणि व्हायलाच हवं. मुली विचारतात, ती सोडून का गेली नाही? तळीरामाची बायको गीता त्याला तोंडावर बोलते, मग सिंधू का नाही? मरताना ती नवऱ्याला वाचवायला खोटं सांगते, याचा काहींना राग येतो. तुम्ही सांगितलेली पद्धत अशी: पान उभं दुमडायचं, डावीकडे त्या काळच्या बाईपुढे कोणते रस्ते होते ते लिहायचं, उजवीकडे आज आपल्याला काय वाटतं ते. नाटक रंगभूमीवर आलं 1919 साली, नाटककार राम गणेश गडकरी गेल्यानंतर, आणि सिंधू उभी केली बालगंधर्वांनी. डावी बाजू कोरी ठेवून उजवी लिहिली तर तो निकाल होतो, आकलन नव्हे. आणि उजवी कोरी ठेवली तर मुलं नाटकाला हारच घालून येतात. परीक्षेत दोन्ही हवं, पण एका परिच्छेदात कालवायचं नाही. तलावपाळीवरच्या रंगायतनाला ज्यांचं नाव आहे त्या गडकऱ्यांशी ठाण्याच्या मुलांनी एवढं तरी भांडावं, हे तुमचं म्हणणं आम्ही वर्गात तसंच्या तसं सांगतो.

‘शारदा’बद्दलची तुमची दुरुस्ती इथे मुद्दाम नोंदवतो, कारण ही चूक शिक्षकांच्या टिपणांतही असते. देवलांचं नाटक 1899 चं. बालविवाहाविरुद्धचा 1929 चा ‘शारदा कायदा’ नाटकातल्या मुलीच्या नावावरून ओळखला जातो असं मुलं बेधडक लिहितात. ते नाव विधेयक मांडणाऱ्या हरविलास सारडांवरून आलं आहे. आणि नाटकात म्हाताऱ्या भुजंगनाथाचं शारदेशी लग्न मोडतं ते सगोत्राच्या, म्हणजे दोघांचं गोत्र एकच असल्याच्या मुद्द्यावर. मुलीला नवरा नको आहे, तिला विकलं जातं आहे, या कारणाने मोडत नाही. ही जागा दाखवली की दहावीचा वर्ग गप्प होतो आणि मग एकदम सगळे बोलू लागतात. समाजाला नियम मोडल्याचं वाईट वाटतं आणि मुलीचं वाटत नाही, हे वाक्य मग मुलंच काढतात.

पाठ्यपुस्तकात उतारा तेवढाच असतो, ही अडचण राहतेच. उताऱ्याच्या आधीची दहा पानं आणि नंतरची दहा, एवढं तरी शिक्षकाने वाचून जावं आणि त्यातलं लागेल तेवढंच सांगावं. पुस्तक मिळत नाही ही सबब ठाण्यात चालत नाही, मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 पासून इथे आहे.

कृतिपत्रिकेतल्या उत्तराबद्दल थोडक्यात. स्वमताच्या उत्तरात आधी विधान, मग अवतरण, मग ‘यावरून’ ने सुरू होणारं स्वतःचं वाक्य. अवतरण पाच-सात शब्दांचं, वाक्यात गुंफलेलं. चार ओळी उतरवल्या की वेळ जातो आणि त्या ओळींतला कोणता शब्द महत्त्वाचा हे सांगायचं राहतं. गुण जातात ते बहुधा तिसऱ्या वाक्यावर, कारण अवतरण दिलं म्हणजे सिद्ध झालं असं मुलांना वाटतं. चौकटीतली नोंद ‘मात्र’ लावून शेवटून दुसऱ्या वाक्यात घ्यायची. वाढीव वेळ लागत नाही, उत्तर मात्र उठून दिसतं.

बाई, वयाच्या आणि गुडघ्यांच्या तक्रारी बाजूला ठेवून तुम्ही प्रत्येकाचा तक्ता लाल पेनाने तपासून दिलात. आम्ही खोडलेल्या नोंदी पुन्हा वाचता याव्यात म्हणून व्हाइटनर वापरू दिला नाहीत. इतकं बारकाईने आमचं काम क्वचितच कोणी पाहिलं असेल. त्याबद्दल मनापासून आभार.

कोऱ्या तक्त्याच्या प्रती आता सात शाळांत वापरात आहेत. खाली तुमचं नाव घालू नका म्हणालात, ते पाळलं आहे. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधल्या पोर्शियाच्या दयेवरच्या भाषणापुढे कोर्टात ती शायलॉकशी काय करते, त्या नोंदी पुढच्या शनिवारी घेऊन येतो. चौकट कुठे करायची यावर आमच्यात अजून एकमत नाही.

आपले नम्र,
ठाणे-कळवा-ऐरोलीचे मराठी आणि इंग्रजीचे शिक्षक